बंद करू का, ताई?

मी भित्री बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना ‘एवढं काय घाबरायचं त्यात’ असं कुणी म्हणायला नको. पाल दिसली की मी खुर्चीवर चढते. निगडीच्या चौकात रस्ता ओलांडताना शेजारच्या अनोळखी बाईचा दंड धरते आणि पलीकडे गेल्यावर सॉरी म्हणते. पण सगळ्यात जास्त भीती मला एका वाक्याची वाटते. गिऱ्हाईक दुकानात येतं, काउंटरवर धुळीनं भरलेलं जुनं डबडं ठेवतं, शेजारी नव्या लॅपटॉपचा कोरा खोका ठेवतं आणि हसत हसत म्हणतं, “काही नाही हो ताई, जुन्यातलं नव्यात टाकायचंय फक्त.”

फक्त! गव्हाच्या डब्यातले गहू दुसऱ्या डब्यात ओतायचे असावेत अशा थाटात लोक बोलतात. अहो, गहू सांडले तर गोळा करता येतात.

निगडीच्या प्राधिकरणात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. आता भाचा बघतो, मी दुपारची जाऊन बसते आणि त्याला घाबरवते. इतकी वर्षं मी मुख्यतः हेच काम केलं, जुन्यातलं नव्यात टाकायचं. नवा लॅपटॉप बिघडला तर दुसरा मिळतो. जुन्यातलं जे आहे ते दुसरं मिळत नाही, आणि ते नक्की काय आहे हे मालकालाही ठाऊक नसतं. राजगुरुनगरहून एक आजोबा एसटीनं आले होते, मांडीवर नुसता मॉनिटर घेऊन. खालचा डबा घरीच. मी म्हटलं, “आजोबा, डबा कुठाय?” तर म्हणाले, “तो कशाला? सगळं तर यातच दिसतं की!” मला हसू आलं, पण लगेच जिरलं. कारण तो डबा त्यांनी आदल्या दिवशी भंगारवाल्याला द्यायला काढून ठेवला होता. त्यांना तसंच उलट पावली पिटाळलं. डबा वाचला. भंगारवाला त्या दिवशी आला नव्हता, एवढंच त्याचं कारण.

कॉम्प्युटरच्या आत हार्ड डिस्क असते. जुन्या डिस्कमध्ये एक तबकडी गरागरा फिरते आणि तिच्यावर केसाएवढ्या अंतरावरून एक सुई जात असते. तबकडीला टेकली की संपलं. अशी डिस्क वर्षानुवर्षं सतत फिरत राहिली तर फिरतच राहते, पण तिला एकदा थांबवलं आणि ती गार झाली की पुन्हा फिरेलच याचा भरवसा नाही. बरेच दिवस बंद ठेवलेली पाण्याची मोटर जाम होते ना, तसंच. म्हणून माझे नियम साधे होते. जे चालू आहे ते बंद करायचं नाही. आणि नव्या मशीनवर फायली उघडून डोळ्यांनी बघितल्याशिवाय ‘झालं’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. माझे यजमान म्हणायचे, “तू कॉपी करत नाहीस, बाळंतपण करतेस.” म्हणू देत.

आता चाकणची गोष्ट सांगते. ती कधी कुणाला सांगितली नव्हती. आत्ताच का सांगते तेही पुढे कळेलच.

चाकणला एमआयडीसीच्या कडेला अण्णांचं वर्कशॉप होतं. अण्णा मूळचे तिथल्याच गावातले, शेतकरी. जमिनीचा तुकडा कंपन्यांसाठी गेला, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी पत्र्याची शेड घातली. तिथं डाय बनायच्या. डाय म्हणजे पोलादाचा साचा. प्रेस मशीनमध्ये तो बसवायचा, खाली पत्रा सरकवायचा, दाबला की गाडीचा एखादा भाग कापून बाहेर. हे साचे काढायचं डोकं अण्णांच्या मुलाचं, संतोषचं. तो कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करायचा आणि त्यावरून वायरकट मशीन तारेनं पोलाद कापायचं. शेडमधली सगळी माणसं त्या ड्रॉइंगवर जेवत होती म्हणा ना.

संतोष नाशिक रोडवर ट्रकखाली गेला. लग्न ठरत आलं होतं.

तो गेला त्या दिवशी त्याचा कॉम्प्युटर चालूच होता. नंतरही कुणी बंद केला नाही, कुणाची छातीच झाली नाही. त्यानं स्वतःच मोठी बॅटरी बसवलेली होती, त्यामुळे लाइट गेली तरी तो चालायचा. कामगार यायचे, हवं ते ड्रॉइंग काढायचे, फक्त पडदा बंद करून जायचे. मग त्यातून खरखर यायला लागली. अण्णांनी नवा लॅपटॉप घेतला आणि कुणीतरी माझं नाव सांगितलं.

फोनवर अण्णा म्हणाले, “ताई, डबा घिऊन येतो निगडीला.”

मी ओरडलेच. “हात लावू नका! बंदही करू नका. मीच येते.”

मी गेले तो दिवस नेमका खंडेनवमीचा होता. माझ्या लक्षात होतं, पण खरखर ऐकून मला दम निघेना. एरवी शेडमध्ये बोललेलं ऐकू येत नाही, त्या दिवशी मशिनी बंद होत्या, माणसं त्या पुसत होती, तेल लावत होती, झेंडूच्या माळा करत होती. आमच्या पट्ट्यात खंडेनवमीला काय असतं ते बाहेरच्यांना सांगायला हवं. हत्यारांची पूजा. पाना, हातोडी, ड्रिल, लेथ, सगळी हत्यारं थांबवायची, धुवायची, हळद-कुंकू वाहायचं. आणि एकदा पूजा झाली की दसऱ्यापर्यंत हत्यार उचलायचं नाही. त्यांनी वर्षभर राबायचं आणि या दिवशी निजायचं, असा भाव.

केबिनमध्ये मी जुना डबा आणि नवा लॅपटॉप तारेनं जोडले आणि कॉपी लावली. कॉपी मुंगीच्या पावलानं चालली होती. एकेक फाइल वाचताना डिस्क अडखळायची, मग माझाही श्वास अडायचा. कागदावर मोठ्या अक्षरात ‘बंद करू नये’ लिहून मी पडद्यावर चिकटवलं. अण्णांना सांगितलं, झाडून सगळ्या कामगारांना सांगितलं. अण्णा म्हणाले, “कुनी हात न्हाई लावनार, ताई. माझी गॅरंटी.”

एका माणसाला मात्र कुणीच सांगितलं नाही. काकूंना. संतोषच्या आईला. त्या वर्कशॉपमध्ये वर्षातून एकदाच यायच्या, पूजेला. आदल्या वर्षी तर दुखवट्यामुळे पूजाच झाली नव्हती. त्याआधी कॉम्प्युटरची पूजा संतोष स्वतः करायचा, तो चालूच ठेवून, वर एक फूल ठेवून मोकळा व्हायचा. काकू फक्त शेडमधल्या मशिनींची करायच्या. केबिनमध्ये काय होतं हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

त्या शेडमध्ये बायकांसाठी सोय नव्हती. मी सकाळपासून कळ काढत होते, शेवटी नाइलाजानं शेडमागच्या अण्णांच्या घरी गेले. रुमालाला हात पुसत परत आले तर उदबत्तीचा वास आला. आणि आवाज नव्हता.

खरखर थांबली होती. पंख्याची घरघर थांबली होती. केबिनच्या दारात सगळे हात जोडून उभे होते. आत टेबलावर जुना डबा, त्याला पाणी फिरवून स्वच्छ पुसलेलं, हळद-कुंकवाची बोटं, नारळ, आणि झेंडूची जाडजूड माळ पडद्यावरून सोडलेली, माझा कागद तिच्याखाली गडप. काकूंनी ओला हात लागायचा म्हणून भिंतीवरचं बटण बंद केलं होतं. बॅटरी कोकलायला लागली, तर तिचंही बटण दाबून तिला गप्प केलं होतं. ते कोकलणं ऐकून शेडमधले सगळे धावत आले, तोवर उशीर झाला होता.

काकू माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. “बघा ताई, संतूच्या मशीनची बी केली. पैली त्याचीच केली.”

मी दाराची चौकट धरली. अण्णांकडे बघितलं. अण्णांना कळलं होतं. ते काकूंच्या मागे उभे होते, तोंड पांढरं पडलेलं, आणि माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. नाही. तिला बोलू नका.

डिस्क गार होत होती. जितका उशीर, तितकी ती जाम. ताबडतोब चालू करायला हवं होतं. पण पूजा झालेली, आता उद्यापर्यंत हात लावायचा नाही. हात लावायचा तर कारण सांगायला हवं. आणि कारण सांगायचं म्हणजे त्या बाईला सांगायचं, की काकू, तुमच्या मुलाचं जे काही मागं उरलंय ते आत्ता तुमच्या हातानं गेलं असेल. ज्या माउलीनं एक वर्ष सणसुद्धा केला नाही, ती हे ऐकून कशी उभी राहिली असती?

कामगारांना तर डोळ्यांसमोर उपासमार दिसत होती.

आणि मी खोटं बोलले. कुठून सुचलं देव जाणे. म्हणाले, “काकू, पूजा छानच झाली. फक्त कॉम्प्युटरची पूजा आमच्यात चालू ठेवून करतात. त्याचा दिवा लागलेला असावा लागतो.”

काकूंचा चेहरा पडला. “अगं बया! मंग चुकली का वो?”

“नाही नाही, चुकली कसली! नंतर लावला तरी चालतो. आत्ता लगेच लावू या.”

“लावा, लावा,” अण्णा घाईघाईनं म्हणाले. “ताईंना म्हाईत आसतं त्यातलं.”

मी देवाचं नाव घेतलं, बटण दाबलं. पंखा फिरला. दिवा लागला. काकूंनी हात जोडले. आणि आतून आवाज आला, टक्. थोडं थांबून परत, टक्. पडद्यावर काळ्यावर पांढरी अक्षरं, डिस्क सापडत नाही म्हणून. बंद केला, थोडं थांबले, परत लावला. टक्. बाजूचं झाकण उघडून डिस्कवर तळहात ठेवला. फिरणारी डिस्क हाताला कळते, बारीक थरथर असते. थरथर नव्हती. थंडगार लोखंड.

“लागला की दिवा,” काकू म्हणाल्या. “झालं न्हवं?”

“झालंच काकू, थोडं साफ करते,” मी म्हटलं.

एक उपाय असतो. पुस्तकात तो करू नका असं लिहिलेलं असतं, आणि बरोबरच लिहिलेलं असतं. डिस्क बाहेर काढायची, तारा तशाच ठेवून, हातात आडवी धरायची, आणि बटण दाबताक्षणी मनगटानं तिला एक झटका द्यायचा, गोल. चिकटलेली तबकडी सुटली तर सुटली. नाही सुटली, किंवा सुई टेकली, तर मग कायमचंच. पुण्यात मोठ्या लॅब आहेत, तिथं पाठवता आली असती. पण लॅबला पाठवायची म्हणजे काकूंना का ते सांगणं आलं. मी अण्णांकडे पाहिलं. ते पुटपुटले, “करा काय ते.” काय करणार आहे हे त्यांनी विचारलंही नाही.

मी डिस्क हातात धरली. कामगारांतला एक जण पुढे होऊन म्हणाला, “ताई, मी धरू का?” मी त्याच्यावर खेकसले. अण्णांना बटण दाबायला सांगितलं. झटका दिला.

आणि माझ्या हातात थरथर आली.

मी रडलेच. काकूंना वाटलं उदबत्तीचा धूर गेला डोळ्यात. त्यांनी पदरानं वारा घातला मला.

पण आता भीती संपली नाही, दुप्पट झाली. टॉवेलाची घडी करून त्यावर डिस्क ठेवली. मला माहीत होतं, ही आता थांबली तर पुन्हा उठणार नाही, आणि ती किती वेळ चालेल हे कुणाच्या हातात नाही. सकाळची कॉपी अर्धवट तुटलेली. पहिल्यापासून करणं आलं. आत दोन मोठे फोल्डर होते. एकात सगळी ड्रॉइंग. दुसऱ्यात संतोषचे स्वतःचे फोटो, व्हिडिओ, मित्रांबरोबरच्या सहली, घरातले समारंभ. मी अण्णांना बाजूला घेऊन विचारलं, “आधी काय घेऊ?”

अण्णांनी क्षणभरही विचार केला नाही. “फोटू.”

“अण्णा, धंदा...”

“फोटू घ्या म्हनलं ना. तिच्यासाठी. धंद्याचं बघू पुढं.”

हा माणूस शेडकडे पाठ करून उभा होता. पलीकडे त्याची सगळी माणसं उभी होती. मी फोटोंवर बाण नेला, तेवढ्यात मागून काकू बोलल्या. त्यांना ऐकू गेलं होतं.

“कामाचं आधी घ्या.”

अण्णा म्हणाले, “आगं, तुला काय कळतंय त्यातलं? ते मशीन जुनं झालंय, कधी बंद पडंल सांगता येत न्हाई...”

“व्हय, म्हनूनच म्हनते. कामाचं आधी घ्या. फोटूचं काय, त्यो मला डोळं मिटलं तरी दिसतो. ती नकाशं त्यानं हातानं काढल्यात. आन् तुमी शेड बंद करून घरी बसलात तर मी तुमाला कशी बगू?”

मी ड्रॉइंग घेतली.

दुपार सरेपर्यंत मी त्या पडद्यासमोरून हलले नाही, आणि काकू माझ्या शेजारून हलल्या नाहीत. हिरवी पट्टी पुढे सरकायची, अडायची, सरकायची. अडली की काकू माझा गुडघा दाबायच्या. ड्रॉइंग सगळी आली. मी एकेक उघडून बघितली, मग ‘आली’ म्हटलं, तेव्हा शेडमध्ये एक मोठा उसासा निघाला आणि कुणीतरी नारळ फोडला. मग फोटो लावले. ते निम्मे आले असतील नसतील, डिस्कमधून असा आवाज आला की काच नखानं ओरबाडावी. मग काहीच नाही. मी परत झटका दिला, दोनदा दिला. काही नाही. नंतर ती लॅबलाही पाठवून पाहिली. तबकडीवर ओरखडा पडलाय, काही निघणार नाही म्हणाले. तो ओरखडा आधीचा, की माझ्या झटक्याचा, हे मला कधी कळणार नाही. मला अजून वाटतं, की फोटो आधी घेतले असते तर... आणि मग शेड डोळ्यासमोर येते आणि मी गप्प बसते.

अण्णा मोठ्यानं म्हणाले, “जुनंच झालतं ते. कवातरी जायाचंच हुतं.” परत एकदा म्हणाले, “जुनंच झालतं.”

“व्हय,” काकू म्हणाल्या. “जुनं झालतं.”

मी निघाले तेव्हा काकू दारापर्यंत आल्या, हातात कुंकवाची कोयरी आणि ओटीचा नारळ घेऊन. अण्णा आत होते. काकूंनी माझ्या कपाळाला कुंकू लावायला बोट टेकवलं आणि बोट तसंच ठेवून अगदी हळू विचारलं,

“मीच बंद केलं न्हवं, ताई?”

कपाळाला बोट लावलेलं, मला तोंड फिरवता येईना. खोटं बोलायची सगळी हिंमत सकाळीच संपली होती.

“तुमी दाराची चौकट धरली, तवाच कळलं मला,” काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे कोरडे होते. “ह्यांना सांगू नका. मला कळलं न्हाई आसं वाटतंय त्यांना. त्येच्यावरच उभं हाईत ते.”

मी स्कूटी कशी चालवली ते मला आठवत नाही. तळवड्याच्या पुढं येऊन बाजूला थांबले आणि मोकळेपणी रडून घेतलं.

त्यानंतर दर खंडेनवमीला मला त्या शेडमधून बोलावणं येई. सगळ्या मशिनी थांबायच्या, सगळी हत्यारं निजायची, आणि त्यांच्या मधोमध नवा लॅपटॉप चालू. पूजेआधी अण्णा दरवर्षी खणखणीत आवाजात सांगायचे, “कॉम्प्युटरची पूजा चालू ठिवूनच करायची बरं का! ताईंनी सांगितल्यालं हाय.” काकू म्हणायच्या, “व्हय, व्हय, म्हाईत हाय.” अण्णा माझ्याकडे बघायचे, काकू माझ्याकडे बघायच्या, आणि मी मधे उभी राहून झेंडूकडे बघायची. माझं खोटं त्या शेडचा रिवाज झाला. शेजारच्या शेडवाल्यांनीही आता तो उचललाय म्हणे. दरवर्षी मला वाटायचं, आज दोघांपैकी कुणाच्या तरी तोंडून निघेल. निघालं नाही.

मागच्या वर्षी श्रावणात अण्णा गेले. शेड आता तिथल्याच कामगारांपैकी एक जण चालवतो, चांगली चालवतो. खंडेनवमीला काकूंचा फोन आला, या म्हणून. अण्णांच्या दुखवट्यात घरात सण नव्हता, पण काकू म्हणाल्या, “घरात न्हाई करायची. पर पोरांच्या हत्यारांची राहू कशी देऊ?”

त्यांनी हळूहळू सगळ्या हत्यारांना हळद-कुंकू वाहिलं. शेवटी केबिनमध्ये आल्या. लॅपटॉप चालू होता. ‘चालू ठिवूनच’ असं मोठ्यानं सांगायला आता कुणी नव्हतं. काकू बटणाशी उभ्या राहिल्या, ओला हात पदराला पुसला आणि माझ्याकडे वळल्या.

“आता करू का बंद, ताई?”

त्यातलं सगळं तीन ठिकाणी ठेवलेलं आहे. मीच ठेवलंय. तो बंद केल्यानं काही म्हणजे काही होणार नव्हतं, आणि ज्याच्यापासून लपवायचं तो माणूसही आता नव्हता.

“राहू द्या, काकू,” मी म्हटलं.

“राहू देते,” काकू म्हणाल्या, आणि त्यांनी पडद्यावर फूल ठेवलं.